टेबलक्लॉथ डागाळणारी कोंबडी

"कोंबडीत अननस? मग उद्या शिऱ्यात लसूणही घाल!"

पिशवीतून डोकावणारा अननसाचा शेंडा पाहून सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांचं माहेर कोल्हापूरचं. त्यांच्या हातचा तांबडा रस्सा ज्यानं एकदा खाल्ला तो आयुष्यात विसरला नाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरातून अंग काढून घेतलं होतं. गुडघा केव्हाच बरा झाला होता. खरं कारण वेगळं होतं. नातवंडांना पास्ता हवा, पिझ्झा हवा, नूडल्स हव्यात. "तुमच्या हल्लीच्या पदार्थांतलं मला काय कळतंय?" असं म्हणून त्या हसत, पण त्या हसण्यात थोडं दुखणं असे.

त्यात थोरल्याच्या वाढदिवसाचं निमित्त झालं. "आई, या वेळी मेक्सिकन कर!" असा त्यानं हुकूम सोडला. त्याच्या लेखी मेक्सिकन म्हणजे मक्याचे त्रिकोणी कुरकुरीत तुकडे आणि वर वितळलेलं चीज. मी म्हटलं, काहीतरी वेगळं करू. गोड आणि तिखट फळांच्या रसातली मेक्सिकन पद्धतीची कोंबडी करू. डबाबंद अननस त्याच्या पाकासकट ओतला, बाटलीतला टोमॅटो सॉस घातला, ढबू मिरची चिरून टाकली आणि वरून लाल तिखट भुरभुरवलं.

जे तयार झालं त्याला कोंबडीचा मुरंबा म्हणणंच योग्य! पाहुण्यांनी "छान, वेगळंच आहे" म्हणत पानात फोडी तशाच ठेवल्या. वाढदिवसाच्या मुलानं पाव आणि लोणचं खाल्लं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

डाग पाडणारा रस्सा

मग मात्र हा पदार्थ मुळात असतो तरी कसा, हे मी नीट वाचून काढायचं ठरवलं. तेव्हा कळलं की मेक्सिकोत त्याला भारदस्त नाव आहे, 'मांचामांतेलेस'. स्पॅनिश भाषेत 'मांचा' म्हणजे डाग आणि 'मांतेलेस' म्हणजे टेबलक्लॉथ. म्हणजे टेबलक्लॉथ डागाळणारा! लाल मिरच्यांचं वाटण, त्यावर तेलाचा तवंग, त्यात कोंबडी किंवा डुकराचं मांस आणि सोबत अननस, केळं, सफरचंद, रताळं. एक थेंब सांडला की कापडाचं काही खरं नाही.

हा पदार्थ 'मोले' या रश्श्यांच्या घराण्यातला आहे. मेक्सिकोतल्या आझ्टेक लोकांची भाषा नाहुआत्ल. त्या भाषेत 'मोली' म्हणजे रस्सा किंवा वाटलेलं कालवण. त्यावरूनच 'मोले' हा शब्द आला. ओआहाका हा तिथला प्रांत सात मोलेंसाठी प्रसिद्ध आहे. काळं, लाल, पिवळं, हिरवं अशा त्या सातांत मांचामांतेलेसही मोजलं जातं. प्रत्येक घराची कृती वेगळी, जशी आपल्याकडे गोड्या मसाल्याची असते. मेक्सिकोच्या या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोनं २०१० साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. ते चीज घातलेले त्रिकोणी तुकडे मात्र अमेरिकेच्या सीमेलगतच्या एका गावात १९४०च्या दशकात जन्माला आले. मोलेपुढे ते अगदी कालचं पोर!

गंमत म्हणजे, मोलेची पद्धत वाचताना मला जागोजागी आपलंच स्वयंपाकघर दिसत होतं. सुक्या मिरच्या तव्यावर शेकायच्या. तीळ, शेंगदाणे किंवा बदाम भाजायचे. कांदा, लसूण, टोमॅटो खरपूस करायचे. सगळं वाटायचं. तिकडे त्यासाठी 'मेताते' नावाचा तीन पायांचा दगडी पाटा आणि त्यावर दगडी वरवंटा असतो. बायका गुडघ्यावर बसून त्यावर वाटण करत आल्या. मग ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. नाव परदेशी, पण रीत सगळी ओळखीची.

हे साम्य माझ्याआधी एका फार मोठ्या माणसाच्या लक्षात आलं होतं. नोबेल पारितोषिक मिळवणारे मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ १९६२ ते १९६८ या काळात भारतात त्यांच्या देशाचे राजदूत होते. भारतावर १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी आपली करी आणि त्यांचं मोले यांच्या नात्याचा आवर्जून विचार केला आहे.

इकडची मिरची, तिकडचे तीळ

हे नातं जुळलं कसं? त्याचं उत्तर जहाजांत आहे.

मिरची मूळची मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातली. तिथले लोक ती हजारो वर्षांपासून पिकवत होते. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो १५१० साली. त्याआधी आपल्या पूर्वजांच्या जेवणात तिखटपणा यायचा तो मिरे, पिंपळी आणि आल्याचा. 'मिरची' हे नावसुद्धा मिऱ्यावरूनच पडलं. टोमॅटो, शेंगदाणा, मका, बटाटा, रताळं, अननस, पपई, पेरू, सीताफळ, चिकू ही सगळी मंडळीही अमेरिका खंडातलीच. आपल्या उपासाच्या ताटातून रताळं, बटाटा आणि शेंगदाणा वगळून पाहा, ताटात काय उरतं ते!

आता उलटा हिशेब मांडू. स्पॅनिश लोकांनी १५२१ साली आझ्टेकांची राजधानी जिंकली. त्याआधी मेक्सिकोत कोंबडी नव्हती, टर्की होती. कोंबडी, डुक्कर आणि चरबीत परतण्याची रीत स्पॅनिशांनी नेली. केळं मूळ आशियातलं, दालचिनी लंकेची, लवंग इंडोनेशियातल्या बेटांवरची आणि तीळ आपल्या भारतीय उपखंडातले. पुढे १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधल्या मनिला बंदरातून मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरापर्यंत स्पॅनिश जहाजं ये-जा करत. रेशीम, चिनी मातीची भांडी आणि मसाल्यांबरोबर आंबाही त्या वाटेनं तिकडे पोचला. तिथल्या एका लोकप्रिय आंब्याचं नाव आजही 'मनिला' आहे.

त्या जहाजांतून माणसंही गेली. सतराव्या शतकात मोलेसाठीच प्रसिद्ध असलेल्या पुएब्ला शहरात काटारीना दे सान हुआन नावाची स्त्री राहत होती. तिची चरित्रं लिहिणाऱ्या पाद्र्यांनी तिचा जन्म मुघलांच्या मुलखातला सांगितला आहे. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवलं, कोचीन आणि मनिलामार्गे ती गुलाम म्हणून मेक्सिकोत विकली गेली. पुढे तिच्या धर्मनिष्ठेमुळे शहर तिला साध्वी मानू लागलं. १६८८ साली ती पुएब्लातच वारली. आपण सहज चिमूटभर घालतो त्या मसाल्याच्या वाटेवर अशीही दुःखं सांडली आहेत.

आता मांचामांतेलेसकडे परत येऊ. त्याची एक जुनी कृती सोर हुआना इनेस दे ला क्रूस हिच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मठातल्या पाकपुस्तकात आहे. सोर हुआना ही मेक्सिकोतली थोर कवयित्री आणि विदुषी. पुस्तकांशिवाय तिला राहवत नव्हतं म्हणून लग्न नाकारून ती मठात जोगीण झाली. बायकांनी कशाला शिकायचं, असं म्हणणाऱ्या धर्ममार्तंडांना तिनं १६९१ साली एका पत्रातून सडेतोड उत्तर दिलं. स्वयंपाकघरातही निसर्गाची केवढी तरी गुपितं कळतात, असं तिनं त्यात सांगितलं आहे. १६९५ साली ती वारली. आज मेक्सिकोच्या १०० पेसोच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

त्या कृतीत रात्रभर भिजवलेल्या मिरच्या आणि भाजलेले तीळ वाटून चरबीत परततात. मग पाणी, कोंबडी, केळ्याच्या चकत्या, रताळं, सफरचंद आणि मीठ घालतात. बस्स! साखर नाही, पाक नाही. माझं पहिल्या वेळी कुठे चुकलं ते इथे कळलं. गोडवा फळातून, रताळ्यातून आणि भाजण्यातून यायला हवा. मी तो डब्यातून ओतला होता.

सासूबाई उठल्या

दुसऱ्या खेपेला मी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि खमंग वास घरभर पसरला. पाठोपाठ तीळ तडतडले. खिडकीजवळून आवाज आला, "गॅस बारीक कर, मिरची करपेल. करपली की कडू होते."

वाटण तेलात पडलं तेव्हा सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. पाच मिनिटांनी मी त्यात पाणी घालायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. "अगं, थांब. अजून कच्चं आहे. कडेनं तेल सुटू दे." त्यांनी उलथणं माझ्या हातातून घेतलं. पुढची दहा मिनिटं त्या न बोलता परतत होत्या. मिश्रणाचा रंग विटेसारखा गडद झाला, कडेला लाल तेल दिसू लागलं, तेव्हा म्हणाल्या, "हा तर आपला कटच की! एवढ्याला तुम्ही मेक्सिकन म्हणता होय?"

खरंच, आंबट-गोड-तिखटाचं आपल्याला वावडं कधी होतं? चिंच-गुळाची आमटी, कैरीचा मेथांबा, कोकणातलं पिकल्या आंब्याचं कोयाडं आणि गोव्यातलं सासव या सगळ्यांत फळ, गूळ आणि मिरची एकत्र नांदतातच. मग कोंबडीनंच काय घोडं मारलंय?

आता आमच्या घरात जमलेली कृती देते. मेक्सिकोतल्या मिरच्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून काही फेरफार केले आहेत. ते कुठे आणि का, तेही सांगते.

साहित्य (सहा जणांसाठी)

हाडांसकट कोंबडी १ किलो, ब्याडगी मिरच्या १२, संकेश्वरी किंवा दुसऱ्या तिखट सुक्या मिरच्या २, पिकलेले मध्यम टोमॅटो ३, कांदे २, लसणाच्या पाकळ्या ९, बदाम १५ (किंवा शेंगदाणे ३ मोठे चमचे), तीळ २ मोठे चमचे, काळ्या मनुका १ मोठा चमचा, पावाची १ स्लाइस, दालचिनीचा १ इंचाचा तुकडा, लवंगा ३, मिरे ४, ताज्या अननसाच्या फोडी २ वाट्या, पिकलेलं राजेळी केळं १, सफरचंद किंवा नाशपाती १, मध्यम रताळं १, व्हिनेगर १ मोठा चमचा, तेल ५ मोठे चमचे, मीठ चवीनुसार, लागलाच तर गुळाचा लहान खडा.

कृती

१. कोंबडीचे आठ-दहा तुकडे करा. अर्धा कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या, मीठ आणि पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर २० मिनिटं शिजवा. कोंबडी पूर्ण मऊ होऊ देऊ नका, ती पुढे रश्श्यातही शिजणार आहे. तुकडे बाजूला काढा. पाणी गाळून जपून ठेवा.

२. मिरच्यांचे देठ आणि बिया काढा. तवा मंद आचेवर ठेवून मिरच्या दोन्ही बाजूंनी काही सेकंदच शेका. वास सुटला की लगेच काढा. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. मनुकाही त्याच पाण्यात टाका.

३. त्याच तव्यावर तीळ आणि बदाम वेगवेगळे भाजा. दालचिनी, लवंग, मिरे किंचित गरम करा. टोमॅटो, उरलेल्या दीड कांद्याचे जाड काप आणि सालासकट उरलेला लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजा. मग लसूण सोला. पावाची स्लाइस थोड्या तेलात तांबूस तळा. तिच्यामुळे रश्श्याला दाटपणा येतो.

४. हे सगळं, भिजलेल्या मिरच्या-मनुका आणि वाटीभर कोंबडीचं पाणी एकत्र करून मिक्सरमध्ये गंधासारखं बारीक वाटा. मिरच्या भिजवलेलं पाणी चाखून पाहा. कडू असेल तर टाकून द्या. वाटण गाळणीतून गाळून घेतलं तर सालं निघून जातात आणि रस्सा रेशमासारखा होतो.

५. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल तापवा. वाटण घाला. ते उडतं, म्हणून झाकण अर्धवट ठेवा. मंद आचेवर सतत हलवत १२ ते १५ मिनिटं, कडेनं तेल सुटेपर्यंत परता. या पदार्थाचा सगळा जीव या पायरीत आहे, इथे घाई नको.

६. कोंबडीचं अडीच वाट्या पाणी आणि मीठ घालून १५ मिनिटं उकळू द्या. मग कोंबडीचे तुकडे, रताळ्याच्या जाड फोडी आणि अननस घालून १० मिनिटं झाकून शिजवा. त्यानंतर सफरचंदाच्या फोडी आणि व्हिनेगर घालून आणखी सात-आठ मिनिटं ठेवा.

७. केळ्याच्या तिरक्या चकत्या उरलेल्या तेलात सोनेरी तळून वाढायच्या वेळी वर ठेवा.

चाखण्याची रीत

आता सगळ्यात महत्त्वाचं. रस्सा चाखताना जिभेला आधी भाजलेल्या मिरचीचा खमंगपणा कळला पाहिजे, मग फळाचा गोडवा आणि शेवटी हलकी आंबट चव. आधीच गोड लागलं तर थोडं व्हिनेगर आणि मीठ वाढवा. अननस आंबट निघाला आणि रस्सा उग्र वाटला, तरच गुळाचा खडा टाका. गूळ आधीपासून घालून ठेवला की परत फिरता येत नाही.

काही सूचना

मेक्सिकोत या रश्श्यात मुख्यतः 'आंचो' मिरची वापरतात. पोब्लानो नावाची जाड गराची मिरची पिकवून वाळवली की तिची आंचो होते. ती फारशी तिखट नसते आणि तिला मनुकेसारखा गोडसर वास असतो. आपली ब्याडगी रंगाला उत्तम आणि तिखटाला सौम्य, पण तिला तो गोडसरपणा नाही. म्हणून सोबत काळ्या मनुका घातल्या आहेत. ब्याडगी मिळत नसेल तिथे काश्मिरी मिरची चालेल.

साधं केळं रश्श्यात विरघळून जातं. वसईची सुकेळी ज्याची करतात ते राजेळी केळं घ्या, म्हणजे चकत्या अखंड राहतील. दक्षिणेकडे राहणाऱ्यांनी नेंद्रन वापरावं.

कच्च्या अननसात मांस विरघळवणारं एक द्रव्य असतं. लवकर शिजावं म्हणून कोंबडी अननसाच्या रसात तासन्‌तास मुरवत ठेवली, तर तिचा पीठूळ लगदा होतो. उकळत्या रश्श्यात घातलेल्या अननसाची ती शक्ती उष्णतेनं नाहीशी होते. म्हणून अननस शेवटीच घाला. आणि एवढा आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात करू नका.

घरात कोणी शाकाहारी असेल तर पायरी ४ आणि ६ मध्ये कोंबडीच्या पाण्याऐवजी साधं पाणी वापरा आणि कच्च्या फणसाच्या वाफवलेल्या फोडी, मशरूम आणि रताळं घाला.

रस्सा आदल्या दिवशी करून ठेवला तर अधिक मुरतो. मात्र सफरचंद आणि केळं वाढायच्या दिवशीच घाला.

सोबत काय? तिकडे मक्याच्या मऊ पोळ्या, म्हणजे तोर्तिया खातात. त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. त्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं आणि पिठाला चिकटपणा येतो. केवढं शहाणपण! आपल्याकडे गरम भात किंवा मक्याची भाकरी चालेल. आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीनं बाजी मारली.

आणि डाग?

त्या रविवारी सासूबाईंनी ट्रंकेतून स्वतः भरतकाम केलेला पांढरा टेबलक्लॉथ काढला. मी म्हटलं, "आई, राहू द्या. पदार्थाचं नावच डाग पाडणारा आहे." तर म्हणाल्या, "पडू दे. किती वर्षं घडी घालून ठेवायचा?"

डाग पडला. थोरल्यानंच पाडला, तिसऱ्यांदा वाढून घेताना. "आजी, तू केलंस हे?" त्यानं विचारलं. "तुझ्या आईनं केलं. मी नुसतं परतलं," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याआधी ओट्यापाशी हजर होत्या.

तुमच्याकडेही असा डाग पडला तर घाबरू नका. आधी तेल शोषून घ्यायला त्यावर टाल्कम पावडर टाकून थोडा वेळ ठेवा, झटका, मग साबण लावून धुवा आणि कडक उन्हात वाळत घाला. मिरचीचा लाल रंग उन्हानं उडतो. आमच्या टेबलक्लॉथवर कोपऱ्यात एक फिकट नारिंगी ठिपका अजून आहे. तो घालवायचं कुणी मनावर घेतलेलं नाही.

तेव्हा एखाद्या रविवारी हा रस्सा नक्की करून पाहा. घरात आई किंवा सासूबाई असतील तर वाटण परतायच्या वेळी त्यांना जरूर हाक मारा. तेल कधी सुटलं, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणतंही पुस्तक सांगत नाही.